मोठ्या सर्व्हिसिंगचे नऊ हजार

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणायचे, पण ज्या घरांत लहान मुलं होती तिथं तिचं नाव डासबाई पडलं होतं. सकाळी सहाला दारात हजर व्हायचं, दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं आणि निघून जायचं, दुसरं काय म्हणणार? एका पाच वर्षांच्या मुलीनं तिला पहिल्यांदा तोंडावर डासबाई म्हटलं तेव्हा त्या मुलीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला मात्र ते नाव इतकं आवडलं की तिनंच ते लॅबभर करून टाकलं.

शहराच्या वरच्या अंगाला टेकडीवर वस्त्या होत्या. रस्ता अरुंद, चढ छाती फुटेल असा, बस जायची नाही. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना खाली आणणं म्हणजे चार माणसांचं काम. म्हणून त्या सगळ्या घरांची यादी तिच्याकडे असायची, कारण घरोघरी नमुने घेणाऱ्यांत मोटरसायकल चालवणारी ती एकटीच होती. गाडीही साधीसुधी नव्हती. चारशे सीसीची, दोन सिलिंडरची, रंगानं गडद हिरवी. मागच्या सीटवर नमुन्यांची थंड पेटी पट्ट्यांनी आवळून बांधलेली असायची.

सहा वर्षांपूर्वी ती गाडी घ्यायची ठरली तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "पगार किती, गाडी केवढी! आणि पडलीस तर माझ्याकडे बघायला कोण आहे?" तेव्हा तिच्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, तो म्हणजे मामा.

मामा आईचा धाकटा भाऊ. ती चार वर्षांची असताना तिचे वडील दुसरा संसार थाटून निघून गेले, ते परत फिरकले नाहीत. तेव्हापासून शाळेची फी असो, दात काढायचा असो, नाहीतर वर्गातल्या कुणाशी मारामारी झालेली असो, निस्तरायला मामाच. सायकल त्यानंच शिकवली, आणि पुढं मोटरसायकलही. मागून सीट धरून पळताना तो ओरडायचा, "ठमे, मान वर! रस्त्याकडे बघ, चाकाकडे नको!" ती चौतीस वर्षांची झाली तरी त्याच्या लेखी ठमीच होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. "अगं ताई," तो आईला म्हणाला होता, "गाडी माझ्या हाताखाली राहणार आहे. कशाला जीव टांगणीला लावतेस?" त्यावर आई गप्प झाली.

मोठी सर्व्हिसिंग म्हणजे काय, हेही तिला मामानंच समजावलं. दर चार-पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं, चेन ताणायची, ब्रेक बघायचे. ती छोटी, तिला फार लागत नाही. पण दर अठरा हजाराला मोठी करायची. टाकी उतरवायची, इंजिनाचं वरचं झाकण उघडून व्हॉल्व्हमधलं अंतर मोजायचं, प्लग, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेकचं ऑइल, पुढच्या शॉकॉपचं ऑइल, सगळं नवं घालायचं.

"शोरूममध्ये गेलीस तर पंधरा-सोळा हजार मोजशील," मामा बोटं दुमडत म्हणाला होता. "त्यातली अर्ध्याहून जास्त नुसती मजुरी, कारण उघडझाप फार असते. आपल्याकडे नऊ. सामानाचे घेईन, वर थोडे दुकानाचे. भाचीकडून पूर्ण मजुरी घ्यायला मी काय कसाई आहे?"

अठरा हजाराला तिनं नऊ दिले. छत्तीस हजाराला पुन्हा नऊ. दोन्ही वेळा सकाळची फेरी संपवून दहाला गाडी दिली आणि एकला धुऊन-पुसून चकचकीत परत मिळाली. मामाच्या हाताला वेग होता, याचा तिला केवढा अभिमान! लॅबच्या ड्रायव्हरला ती सांगायची, "तुमच्या शोरूमवाल्यांना दोन दिवस लागतात. माझा मामा चहाच्या दोन फेऱ्यांत उरकतो." पावती तिनं कधी मागितली नाही. मामाकडे पावती मागायची म्हणजे आईकडे जेवणाचं बिल मागण्यासारखं.

छत्तीस हजाराची सर्व्हिसिंग झाली त्याला सहा महिने झाले असतील, तेव्हा ती पडली.

वरच्या वस्तीतून खाली येत होती. पेटीत अकरा नमुने होते. त्यातला एक नव्वदीच्या आजींचा, ज्यांची शीर सापडायला तिला अर्धा तास लागला होता. लांबलचक उतार होता आणि शेवटी काटकोनातलं वळण. तिनं नेहमीप्रमाणे पुढचा ब्रेक दाबला. मग जोरात दाबला. भिंत समोर आली तेव्हा तिनं गाडी एका अंगावर टाकली. डावं मनगट मोडलं. पेटी रस्त्यावर घरंगळत गेली आणि अकराच्या अकरा नळ्या फुटल्या.

दवाखान्यात मामा धावत आला. तिची विचारपूस करून तडक गाडीकडे गेला आणि तासाभरानं परतला.

"मामा, लिव्हर हँडलला टेकली होती," ती म्हणाली. "दाबलं तरी काही लागलंच नाही."

"तसं वाटतं गं." मामानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "मी सगळं बघून आलो. ब्रेकला काही झालेलं नाही. तू दाबलास उशिरा. माणूस घाबरला की असं होतं. चांगल्याचांगल्यांना होतं."

तिनं निमूटपणे मान हलवली. तिच्या हातापेक्षा मामाच्या नजरेवर तिचा जास्त विश्वास होता.

लॅबनं चौकशी केली. गॅरेजवाल्यानं, म्हणजे मामानंच, ब्रेक ठीक आहेत असं सांगितलं, म्हणून फायलीत लिहिलं गेलं, 'चालकाची चूक'. तिला पगारात काही तोशीस लागली नाही, पण त्या आजींकडे पुन्हा रक्त काढायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागलं, आणि आजींनी विचारलं म्हणे, की ती बाई आमचं रक्त सांडून कुठं पळाली?

मनगट दोन महिन्यांत जुळून आलं. हात मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. उतारावर ती वीसच्या वर जाईना, मागून गाड्या हॉर्न मारून जीव नकोसा करत. तेही चाललं असतं. पण सुई हातात घेतली की आपल्या हाताला वेळेवर कळेल का, अशी शंका यायला लागली. डोळे मिटून शीर शोधणारी बाई ती, आता दोनदा-तीनदा टोचू लागली. वरिष्ठांनी काही न बोलता तिच्या यादीतून लहान मुलं आणि अगदी म्हातारी माणसं काढून टाकली. डासबाई म्हणणारं कुणी उरलं नाही.

यंदा चोपन्न हजार किलोमीटर भरत आले आणि गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली. मामा तेव्हा मामीला घेऊन महिनाभर लेकाकडे गेला होता, सुनेचं बाळंतपण होतं. तिनं फोन केला.

"थांब मी येईपर्यंत," मामा म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. लोक लुटायला बसलेत."

ती आठ दिवस थांबली. नवव्या दिवशी पहाटे गाडी काही केल्या सुरू होईना. यादीतला पहिला माणूस मधुमेही, उपाशीपोटी वाट बघत बसलेला. त्या दिवशी तिनं रिक्षानं फेरी उरकली आणि दुपारी गाडी ढकलत जवळच्या गॅरेजमध्ये नेली.

तिथला मेकॅनिक जाड चष्म्याचा, मितभाषी माणूस होता. भिंतीवर हातानं लिहिलेला दरांचा कागद चिकटवलेला होता. त्यानं किलोमीटर बघितले, बऱ्याच खटपटीनं गाडी सुरू केली आणि थोडा वेळ चालू ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला.

"मोठी सर्व्हिसिंग शेवटची कधी?"

"छत्तीस हजाराला. दोन वर्षं झाली."

"मग वेळ झालीच आहे. साडेबारा हजार लागतील. व्हॉल्व्हचं अंतर बिघडलेलं निघालं तर आतल्या चकत्या बदलाव्या लागतील, मग चौदा-पंधरापर्यंत जाईल. आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाद नको."

"माझा मामा नऊमध्ये करतो."

"मग मामांकडेच न्या की." तो टोमणा मारत नव्हता, खरंच म्हणत होता. "मला सहा तास लागतात. शिवाय गाडी रात्रभर इथं ठेवावी लागेल."

"रात्रभर कशाला?"

"इंजिन पूर्ण गार व्हायला हवं. गरम इंजिनात व्हॉल्व्हचं माप खोटं येतं."

दहाला टेकडीवरून उतरून आलेली, हात लावला तर चटका बसेल अशी गाडी ती मामाला द्यायची. एकला परत मिळायची. मामाची काहीतरी वेगळी रीत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि किल्ली चष्मेवाल्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "जरा येऊन जाता का? तुम्ही बघितल्याशिवाय मी पुढं उघडत नाही."

गाडी स्टँडवर होती. सीट आणि टाकी काढून बाजूला ठेवलेली. टाकीखाली एरवी कधी न दिसणारा इंजिनाचा माथा दिसत होता, त्यावर बोटभर जाडीची वाळकी धूळ. त्यानं एक बोल्ट तेवढा पुसून ठेवला होता. तिच्या हातात टॉर्च दिला.

"बोल्टवर बघा. पिवळी रेघ दिसते?"

दिसत होती. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या झाकणावर गेलेली, नखाएवढी पिवळ्या रंगाची रेघ.

"कारखान्यात बोल्ट आवळला की लावतात. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटते."

"ही तुटलेली नाही," ती म्हणाली.

"चारही बोल्टांची नाही."

"पुन्हा रंग लावला असेल."

"लावता येतो." त्यानं शांतपणे मान हलवली. "पण झाकणाखालचं रबर बघा. कंपनीचं आहे, जागेवर चिकटून बसलंय. एकदा उघडलं असतं तर बदलावं लागलं असतं."

"म्हणजे हे कधीच उघडलेलं नाही?"

"ताई, दुसऱ्याच्या कामाबद्दल मी बोलत नाही. जे दिसतं ते दाखवतो. ऑइल वेळच्या वेळी बदललंय, चेन नवी आहे, प्लगही बदललेले आहेत. तेवढं झालंय, हे मी सांगू शकतो." मग तो जरा घुटमळला. "अजून एक दाखवायचंय."

त्यानं हँडलवरच्या ब्रेकच्या छोट्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. शेजारी त्यानं नव्या ऑइलची बाटली धरली. ते जवळपास पाण्यासारखं दिसत होतं.

"हे दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. हे गाडीबरोबर आलेलं असावं. डबीच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा आहेत, म्हणजे कुणीतरी उघडून वरून थोडं घातलंय, पाइपातली हवा काढलीय. जुनं तसंच ठेवलंय."

"त्यानं काय होतं?"

"हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. एरवी कळत नाही. पण लांब उतारावर सारखा ब्रेक लावला की तापून उकळतं. मग लिव्हर पोकळ जाते."

"पोकळ म्हणजे?"

"म्हणजे दाबली की हँडलला टेकते, आणि गाडी थांबत नाही."

ती तिथल्या लाकडी खोक्यावर बसली. चष्मेवाल्याला वाटलं हिला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं. तिनं पेला हातात धरला, पण तो तोंडाला लावायचं तिला सुचलं नाही. दीड वर्ष तिनं रोज रात्री झोपण्याआधी तो उतार उतरून बघितला होता. कुठं दाबायला हवा होता, किती आधी, दोन बोटांनी की चार. दर वेळी तिचाच हात गुन्हेगार ठरला होता.

"तुम्ही करा काम," ती शेवटी म्हणाली. "मी इथंच बसते."

"सहा तास?"

"सहा तास."

ती बसली. त्यानं झाकण उघडलं, अंतर मोजायच्या पातळ पात्या सरकवून एकेक व्हॉल्व्ह मोजला. दोन व्हॉल्व्ह घट्ट झाले होते, म्हणून गाडी सुरू होत नव्हती. बटणाएवढ्या चकत्या बदलाव्या लागल्या. सगळे मिळून चौदा हजार दोनशे झाले. त्यानं पावतीवर एकेक गोष्ट लिहिली आणि जुने सुटे भाग पिशवीत घालून तिच्या हातात दिले.

मामा दोन आठवड्यांनी परतला. ती दुपारी गॅरेजमध्ये गेली.

"ठमे! ये, ये. नातू बघायचाय? थांब, फोटो दाखवतो. नाक अगदी माझं. बिचाऱ्याचं नशीब!" तो हसत हात पुसत उठला. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "काय झालं?"

"मोठी सर्व्हिसिंग करून घेतली. दुसरीकडे."

"अगं, थांबायला सांगितलं होतं ना? किती घेतले?"

"चौदा हजार दोनशे."

"लुटलं!"

"त्यानं झाकण उघडायच्या आधी मला बोलावून दाखवलं. बोल्टवरची कारखान्याची रेघ तशीच होती, मामा."

मामाचा हात फडक्यात अडकला. पण लगेच तो हसला. "त्या चष्मेवाल्याकडे गेली होतीस होय? अगं, नवं गिऱ्हाईक आलं की आधीच्याला नावं ठेवायची, ही रीतच आहे त्यांची."

"त्यानं तुला एका शब्दानं नाव ठेवलं नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मामा स्टूलवर बसला. बोटांतलं ग्रीज पुसत राहिला, होतं नव्हतं तेवढं.

"इंजिन सुरेख वाजत होतं तुझं," तो म्हणाला. "मला कानानं कळतं. चांगलं चाललेलं उघडायचं कशाला? उघडलं की दहा भानगडी निघतात."

"मग उघडल्याचे पैसे का घेतलेस?"

त्याच्यामागे स्टँडवर एक मोठी काळी गाडी होती. टाकी काढलेली, वरचं झाकण उघडलेलं, सुटे बोल्ट स्वच्छ ताटलीत ओळीनं मांडलेले. मोजायच्या पात्या शेजारी. नवं रबर खोक्यासकट ठेवलेलं. ती त्या ताटलीकडे बघत राहिली.

"ही कुणाची?"

"बँकेतल्या साहेबांची."

"हिचं बरं झाकण उघडलंस."

"ते साहेब खुर्ची टाकून समोर बसतात. प्रत्येक पार्टचं खोकं मागतात. त्यांना फसवून चालेल का?" बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे तसं नाही. परक्याचं काम चोख करावंच लागतं, ठमे. तुझी गोष्ट वेगळी. तू आपली."

"आपली म्हणून माझं केलं नाहीस?"

"हातात चार गाड्या असायच्या. दुकानाचं भाडं थकलेलं असायचं. वाटायचं, हिचं पुढच्या वेळी करू. ही काही बोलणार नाही, ही थांबेल." त्याचा आवाज खाली गेला. "तू कधी विचारलं नाहीस गं."

हे तिला सर्वांत जास्त लागलं. कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणूनच तर तो मामा होता.

"ब्रेकचं ऑइल," ती म्हणाली. "मी पडले त्या दिवशी तू गाडी बघायला गेलास. डबी उघडली होतीस?"

मामा फडक्याची घडी घालू लागला.

"उघडली होतीस?"

"उघडली होती."

"काळं होतं?"

"होतं."

"मी सांगत होते तुला. लिव्हर टेकली म्हणून सांगत होते."

"तू आधीच रडत होतीस. हात मोडलेला. त्यात अजून मी काय सांगायचं होतं?"

"माझी चूक नव्हती, एवढं सांगायचं होतं."

बाहेरच्या गल्लीत कुणीतरी लोखंडी शटर खाली ओढलं. मामानं दचकून मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"लॅबच्या फायलीत माझ्या नावापुढं चालकाची चूक असं लिहिलंय," ती म्हणाली. "पैसे राहू देत. मला एक कागद लिहून दे. ब्रेकचं ऑइल खराब होतं, एवढंच."

"लेखी?" त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याच्या नजरेत भीती होती. "माझ्या सहीनं? ठमे, हे बाहेर गेलं तर इथं कुत्रं फिरकणार नाही. तीस वर्षांचं दुकान आहे माझं."

"तेरा वर्षांची नोकरी आहे माझी."

"बघू," मामा म्हणाला. "मला जरा विचार करू दे."

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आई गवार मोडत बसली होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाली, "झालं ते झालं. त्यानं तुला बापाच्या जागी राहून वाढवलं, ते विसरू नकोस."

"ते विसरले नाही म्हणूनच सहन होत नाहीये, आई."

"आणि त्याला काय कमी वाईट वाटलं होतं? इथं, या खुर्चीत बसून डोळे पुसत होता."

"कधी?"

आईच्या हातातली शेंग अर्धी मोडून राहिली.

"कधी, आई?"

"तू दवाखान्यातून घरी आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी." आईनं शेंग ताटात टाकली. "म्हणाला, माझ्याकडून राहून गेलं. सांगू का तिला, म्हणून विचारलं मला. मीच म्हटलं, नको. एकच माणूस आहे आपल्याला. तोही तुटला तर?"

"दीड वर्ष मी तुझ्यासमोर बसून म्हणत होते, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. तू मला हळदीचं दूध करून देत होतीस."

"मला वाटलं, होशील बरी."

ती उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. पलंगाच्या कडेवर बसून तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. डावं मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. आता रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. आलं असतं तर कुणापाशी जायचं, हाही प्रश्नच होता. आजवर अशा वेळी ती मामाकडे जायची.

चार दिवसांनी ती कामावर असताना मामा घरी येऊन गेला. आईपाशी पाकीट ठेवून गेला, त्यात अठरा हजार होते. कागद नव्हता. तिनं पैसे मोजले नाहीत, पण परतही केले नाहीत. पैसे तिचेच होते. पावती आणि जुने सुटे भाग घेऊन ती लॅबच्या वरिष्ठांकडे गेली. त्यांनी पावती नीट वाचली, काळ्या ऑइलबद्दलची ओळ दोनदा वाचली, आणि म्हणाले, "हे आत्ताचं आहे. तेव्हा असंच होतं हे कुणी सांगायला हवं. तुमच्या मामांनी तर उलट सांगितलंय." तरी त्यांनी पावतीची एक प्रत फायलीत लावली. 'चालकाची चूक' ही ओळ तशीच राहिली.

हात लगेच सुधारला, असं काही झालं नाही. चूक आपली नव्हती, हे डोक्याला एका दुपारी कळलं. हाताला कळायला महिने गेले. उतारावर ती हळूहळू तीसवर आली, मग चाळीसवर. आईशी ती बोलायची, औषधं आणून द्यायची, पण दिवसभरात काय झालं हे सांगायचं तिनं सोडून दिलं. आई विचारायची, ती म्हणायची, नेहमीचंच. मामाच्या घरी आणलेल्या नातवाला बघायला सगळे गेले, तिला त्या दिवशी ड्युटी होती. ड्युटी तिनंच मागून घेतली होती.

मग एका सकाळी यादीत चौथ्या नंबरवर मामाच्या घराचा पत्ता आला. साखर आणि किडनीची तपासणी. लॅबमधल्या मुलीला नातं माहीत नव्हतं. यादी बदलून मागता आली असती. तिनं मागितली नाही.

दार मामीनं उघडलं. "अगंबाई, तू!" म्हणून तिनं घाईघाईनं खुर्ची पुसली आणि चहाचं विचारलं. ती नको म्हणाली, अजून सात घरं बाकी आहेत. मामा आतून आला. अंगानं उतरला होता. त्यानं तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. त्याच्या नखांच्या कडेनं ग्रीजची काळी रेघ होती, ती कधीच जायची नाही.

तिनं पट्टा बांधला. बोटानं चाचपलं. शीर खोल होती, पण सापडली. सुई एकदाच गेली, नळी भरली. मामानं मान फिरवली होती.

"कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "हात हलका आहे तुझा."

तिनं सुई काढली. लगेच कापसाचा बोळा टोचलेल्या जागी ठेवला.

"पाच मिनिटं दाबून धरा," ती म्हणाली. "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, फोनवर पाठवतात."

मामानं बोळा दाबून धरला. मामी दारात उभी होती, तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे.

तिनं नळीवर नाव लिहून ती पेटीत ठेवली, चपला घातल्या, बाहेर येऊन पेटीच्या पट्ट्या आवळल्या. पाचवं घर वरच्या वस्तीत होतं, तिथला माणूस सातपासून उपाशीपोटी वाट बघत बसला होता.